‘मी त्याला धरतो’: ग्रॅपल (धरणं), ट्रिप (पाडणं), शव्ह (ढकलणं) आणि मंडळी. तुमच्या टेबलावर हे नियम कसे चालतात?

नकाशेवाला

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) किंवा तसल्या टेबलावरच्या रोलप्लेइंग खेळांत तलवारीने वार करताना कुणालाच पुस्तक उघडावं लागत नाही. फासा टाकला, मॉडिफायर मिळवला, समोरच्याच्या एसीशी (बचावाच्या आकड्याशी) ताडून पाहिला, झालं. पण कुणी ‘मी त्याला मागून धरतो’ किंवा ‘त्याच्या हातातली काठी हिसकावतो’ म्हटलं की पानं उलटायला सुरुवात होते आणि रंगात आलेली लढाई थंड पडते.

मला याचं वाईट वाटतं, कारण नवे खेळाडू नेमकं हेच आधी म्हणतात. नियम न वाचलेल्या माणसाला गॉब्लिनला कड्यावरून ढकलणं, पळणाऱ्या चोराच्या कमरेला मिठी मारणं, ओग्रच्या पायात भाला घालणं आपसूक सुचतं. मग त्याच्या लक्षात येतं की एवढा खटाटोप करून हाती काही लागत नाही, त्यापेक्षा दोन वार बरे. त्यानंतर तो दर टर्नला ‘मी वार करतो’ एवढंच म्हणू लागतो.

माझं मत आधीच मांडतो, मग तुम्ही तुटून पडा. या नियमांवरचे वाद बहुतेक वेळा फासा कसा टाकायचा याभोवती फिरतात. माझ्या मते तो भाग दुय्यम आहे. पकड बसल्यावर समोरच्याचं नेमकं काय अडतं, हे आधी ठरायला हवं. पुढच्या टर्नला त्याची कोंडी झाली पाहिजे: सुटायला जावं तर टर्न जातो, न सुटावं तर आणखी काहीतरी जातं. ही कोंडी होत नसेल तर फाशांची रचना कितीही देखणी असो, तो नियम कुणी वापरणार नाही.

डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीचं (२०१४ची) उदाहरण घ्या. एका वाराच्या बदल्यात ॲथलेटिक्सचा चेक (फासा अधिक कौशल्याचा आकडा), समोरचा ॲथलेटिक्स किंवा ॲक्रोबॅटिक्सने उत्तर देणार. एक हात मोकळा हवा आणि समोरचा आपल्यापेक्षा फार तर एक साइज मोठा. वाचायला इतका सुटसुटीत नियम दुसरा नाही. पण पकड बसल्यावर होतं काय? त्याचा स्पीड शून्य. बस. ज्या ओग्रला मला सोटा हाणायचाच आहे त्याला स्पीडशी काय घेणंदेणं? तो जागचा न हलता हाणत राहतो, आणि मी मात्र एक वार घालवलेला असतो.

तुमच्याकडे कोणती सिस्टीम, कोणते घरगुती नियम, आणि ते खरोखर वापरले जातात का, ते सांगा.

जुनी_ढाल

विषय जिव्हाळ्याचा आहे. थोडं मागे जाऊन लिहितो, कारण हे दुखणं खेळाइतकंच जुनं आहे.

अगदी सुरुवातीला, म्हणजे १९७५च्या सुमारास, दिलेला तोडगा फार साधा होता. दहा ऑर्क एका हीरोवर झेपावले तर आधी किती जण हात लावू शकले ते पाहायचं. मग दोन्ही बाजूंनी आपापले हिट डाइस (दम मोजणारे फासे) टाकायचे. ज्याची बेरीज जास्त त्याची सरशी. समजा चार हिट डाइसचा योद्धा आणि त्याला चिकटलेले सहा ऑर्क. सहा बाजूंच्या फाशांनी त्याची सरासरी १४, त्यांची २१. योद्धा बहुधा खाली जाणार, पण कधीमधी सगळ्यांना झटकून उभा राहणार. एका दमात सगळं चित्र डोळ्यांसमोर येतं.

मग १९७९ साली ॲडव्हान्स्ड डी अँड डीमध्ये डीएमच्या (खेळ चालवणाऱ्याच्या) पुस्तकात ग्रॅपलिंग, पमेलिंग आणि ओव्हरबेअरिंग यांचे टक्केवारीचे तक्ते आले. शंभरी फासा, त्यात चिलखत, उंची, वजन यांची अधिक-उणे. हे तक्ते जसेच्या तसे वापरणारं टेबल मी पाहिलेलं नाही. १९८५ साली त्याच प्रकाशकाने पर्यायी पद्धती दिल्या, यावरूनच काय ते समजा. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत कुस्तीचा एक छोटा तक्ता होता: वाराचा जो आकडा पडला त्यावरूनच कोणता डाव लागला ते ठरायचं. मला तो आवडायचा, कारण वेगळा फासा लागत नसे. पण कोणता डाव लावायचा हे खेळाडूच्या हातात राहत नव्हतं. तो म्हणे गळा धरतो, आणि तक्ता म्हणे पाय.

नकाशेवाला यांचा मुद्दा या सगळ्याला लागू पडतो. तक्ते ढीगभर, पण ‘धरलं, आता काय’ याचं उत्तर दर वेळी डीएमच्याच अंगावर.

पिवळा_दिवा

वाचतेय. वाचनखूण साठवली आहे.

गदाधारी

साडेतीनची बाजू कुणीतरी मांडायलाच हवी, म्हणून लिहितो. (डी अँड डीची २००० सालची तिसरी आणि २००३ची सुधारित साडेतीन. ग्रॅपलचा सांगाडा दोन्हींत जवळपास तोच.)

सगळे म्हणतात, किचकट. हो, पायऱ्या आहेत: आधी समोरच्याला ऑपॉर्चुनिटी अटॅक (टर्नबाहेरचा फुकटचा वार) मिळतो, त्यात जखम झाली तर प्रयत्न तिथेच फसला. मग टच अटॅक (नुसता हात लागला तरी पुरे). मग दोघांचे ग्रॅपल चेक. मग त्याच्या चौकोनात शिरायचं. पण त्या बदल्यात काय मिळतं ते बघा. पकडीत असलेला बाकीच्यांविरुद्ध एसीतला डेक्स (चपळाईचा) बोनस गमावतो, म्हणजे आपल्या ‘रोग’ला (चोरट्या कॅरेक्टरला) दर वाराला स्नीक अटॅक, म्हणजे जादा नुकसान. तो आजूबाजूला कुणाला धाकात ठेवू शकत नाही, म्हणजे त्याच्या बाजूने आपले लोक बिनधास्त पुढे जातात. त्याला फक्त हलकं शस्त्र वापरता येतं, तेही उणे चारने. दोन हातांची कुऱ्हाड घेऊन आलेला माणूस पकडीत सापडला की त्याची कुऱ्हाड कुचकामी.

मूळ लेखात जी कोंडी मागितली आहे ती इथे पुरेपूर आहे. एकदा टेबलाला सवय झाली की हा नियम लढाईचा नूर पालटतो.

नकाशेवाला

@गदाधारी, परिणामांबद्दल शंभर टक्के सहमत. पकडीचं मोल साडेतीनला कळलं होतं. माझी अडचण साइजच्या आकड्यांची आहे. प्रत्येक साइजला अधिक चार. टेकड्यांवरचा राक्षस, म्हणजे हिल जायंट, घ्या: बेस अटॅक ९, ताकदीचे ७, साइजचे ४, एकूण ग्रॅपल +२०. समोर पाचव्या लेव्हलचा, ताकद १६ असलेला फायटर: ५ अधिक ३, म्हणजे +८. बाराचा फरक. दोघांनी फासे टाकले तर फायटर जिंकण्याची शक्यता ७ टक्क्यांच्या आसपास, आणि तिथवर पोचायच्या आधी ऑपॉर्चुनिटी अटॅकमधून वाचायचं.

लेव्हल वाढते तसे शत्रूही मोठे होत जातात, त्यामुळे पकडणारा फायटर मागे पडतो आणि पकडणारे मॉन्स्टर पुढे जातात. शेवटी ग्रॅपल ही खेळाडूंवर होणारी गोष्ट बनते. ऑक्टोपस, अजगर, गिळणारे बेडूक यांच्याकडे ‘इम्प्रूव्ह्ड ग्रॅब’ असतंच: वार लागला की लगेच फुकटात पकडीचा चेक, टच अटॅक नाही, ऑपॉर्चुनिटी अटॅकसुद्धा नाही.

गदाधारी

राक्षसाला एका माणसाने धरूच नये, असं मला वाटतं. तो राक्षस आहे. साडेतीनमध्ये त्याला ट्रिप करायला जावं तरी साइजचे चार त्याच्या बाजूने, आणि तुम्ही हरलात तर तो उलट तुम्हाला पाडू शकतो. हे योग्यच आहे. ‘इम्प्रूव्ह्ड ट्रिप’ घेतलेला, काटेरी साखळीवाला फायटर मात्र आपल्या मापाच्या शत्रूंना दहा फुटांवरून पाडायचा, पाडल्यावर फुकटचा वार करायचा, आणि ते उठताना आणखी एक. त्या साखळीवर अनेक डीएमनी बंदी घातली होती, एवढा तो हल्ला प्रभावी होता. तेव्हा खास हल्ले कुणी वापरत नव्हतं हे म्हणणं साडेतीनला तरी लागू होत नाही.

चेटकीण

मी कायम विझार्ड (जादूगार) खेळते, म्हणून पकडले जाणाऱ्यांच्या वतीने लिहिते.

पाचव्या आवृत्तीत एखाद्याने मला धरलं तर मला काहीही फरक पडत नाही. हात धरलेत, मान धरली आहे, तरी मी फायरबॉल टाकू शकते. नियमात कुठेही अडथळा नाही. नव्या खेळाडूंना हे पटतच नाही. ‘मी चेटकिणीचे हात धरतो’ हा त्यांचा पहिला डाव असतो आणि डीएमला सांगावं लागतं की चालणार नाही. मला स्वतःला हे खटकतं. माझं कॅरेक्टर इतकं निर्धास्त असेल तर मी शत्रूपासून लांब राहण्याची कसरत का करू?

बाकी सिस्टीम्सनी यावर विचार केला आहे. साडेतीनमध्ये पकडीत असताना हातवारे लागणारे स्पेल जमतच नाहीत. बाकीच्यांना २० अधिक स्पेलची लेव्हल इतका कॉन्सन्ट्रेशन चेक. पाथफाइंडर या दुसऱ्या खेळाच्या पहिल्या आवृत्तीत १० अधिक पकडणाऱ्याचा सीएमबी (अशा डावांचा हल्ल्याचा आकडा) अधिक स्पेलची लेव्हल, म्हणजे पहिलवान जितका तगडा तितकं ते कठीण. हे मला तर्काला धरून वाटतं. पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत सौम्य केलंय: हातांनी करायच्या कुठल्याही कृतीला पाचचा फ्लॅट चेक (काही न मिळवता नुसता फासा), म्हणजे पाचातून एकदा स्पेल वाया.

मला मध्यममार्ग हवा. २०१४च्या नियमांत आम्ही एवढंच जोडलं आहे: पकडीत असताना हातवाऱ्यांचा स्पेल टाकायचा तर आधी दहाचा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (बचावाचा फासा), चुकला तर ॲक्शन गेली पण स्लॉट (साठवलेली जादू) वाचला. फक्त शब्दांचे स्पेल मोकळे. मिस्टी स्टेप (क्षणात दुसरीकडे पोचवणारा स्पेल) फक्त शब्दांवर चालतो, त्यामुळे विझार्डला सुटकेची एक वाट उरते आणि ती वाट आधीपासून तयार ठेवण्याला अर्थ येतो. त्यानंतर मी पहिल्यांदाच स्पेल निवडताना ‘मला कुणी धरलं तर?’ असा विचार करायला लागले.

नकाशेवाला

@चेटकीण, स्लॉट वाचवण्याची सूट छान आहे. टर्न गेला हीच पुरेशी शिक्षा, साठवलेली जादूही जाणं जिव्हारी लागतं. हे मी उचलतोय.

आकडेमोड

पाचव्या आवृत्तीच्या २०२४च्या नियमांबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून हिशेब मांडतो. आता ग्रॅपल आणि शव्ह हे अनआर्म्ड स्ट्राइकचेच (रिकाम्या हाताच्या वाराचेच) प्रकार आहेत. तुम्ही फासा टाकत नाही, समोरचा स्ट्रेंग्थ किंवा डेक्स्टेरिटीचा सेव्ह करतो, त्याला सोयीचा असेल तो. डीसी (त्याला गाठायचा आकडा) म्हणजे ८ अधिक तुमची ताकद अधिक प्रोफिशियन्सी (सरावाचा बोनस).

पाचव्या लेव्हलचा फायटर, ताकद १८, ॲथलेटिक्स येतं. समोर ओग्र, ताकद १९.

२०१४: तुमचे +७, त्याचे +४. बरोबरी झाली तर परिस्थिती जैसे थे. पकड बसण्याची शक्यता ६१.७५ टक्के.

२०२४: डीसी १५, ओग्रचा सेव्ह +४. त्याला ११ किंवा वर हवेत. पकड बसण्याची शक्यता बरोबर ५० टक्के.

म्हणजे साध्या फायटरचं थोडं नुकसान. पण पूर्वी रेजमधला (संतापलेला) बार्बेरियन ताकदीच्या चेकला ॲडव्हान्टेज (दोन फासे, मोठा धरायचा) घ्यायचा आणि ॲथलेटिक्समध्ये एक्सपर्टीज (दुप्पट प्रोफिशियन्सी) घेतलेला रोग किंवा बार्ड मोठमोठ्या मॉन्स्टरना लीलया धरायचा. त्या दोघांचा पकडीतला हा फायदा आता गेला, कारण डीसीत एक्सपर्टीज धरतच नाहीत. (सुटताना मात्र चेकच आहे, तिथे ॲथलेटिक्स-ॲक्रोबॅटिक्स चालतं.) शिवाय सेव्ह आला म्हणजे लेजेंडरी रेझिस्टन्सही (चुकलेला सेव्ह यशस्वी करून घेण्याची सोय) आला. पूर्वी ड्रॅगनला तो पकडीविरुद्ध वापरता येत नव्हता, कारण ते चेक होते. आता येतो. माझ्या मते ही वाईट गोष्ट नाही: ड्रॅगनने पकड टाळण्यासाठी एक रेझिस्टन्स खर्च केला तर पुढे आपल्या विझार्डचं काम सोपं होतं.

नकाशेवाल्यांच्या कोंडीचं म्हणाल तर २०२४मध्ये ती आली आहे. पकडलेल्याला, पकडणारा सोडून दुसऱ्या कुणावरही वार करायचा तर डिसॲडव्हान्टेज (दोन फासे, लहान धरायचा). स्पीड शून्यपेक्षा याचं वजन जास्त आहे. फायटर ओग्रला धरून म्हणतो, ‘तुला मारायचं तर मलाच मार.’ मागे उभा असलेला क्लेरिक वाचतो.

नकाशेवाला

@आकडेमोड, मला हेच हवं होतं. बघा, शक्यता साठच्या पन्नासवर आली तरी नियम सुधारला, कारण पकडीचा परिणाम सुधारला. आणखी एक बदल मला फार भावला: २०२४मध्ये ऑपॉर्चुनिटी अटॅकला अनआर्म्ड स्ट्राइक चालतो, म्हणजे पळणाऱ्याला जाता जाता धरता येतं. २०१४मध्ये त्यासाठी आपल्या टर्नची अटॅक ॲक्शनच लागायची. निसटणाऱ्या निरोप्याच्या अंगरख्याला हात घालणं आता नियमात बसतं.

चौथा_कोपरा

थोडा विरोधी सूर लावतो. डीएम म्हणून मला पकडीची भीती वाटते. एकटा तगडा शत्रू ठेवला की पार्टीतले दोघं त्याला धरतात, तिसरा पाडतो, आणि मग सगळे मिळून झोडपतात. २०१४च्या नियमांतच ही जोडगोळी आहे: पहिल्या वाराने ग्रॅपल, दुसऱ्याने शव्ह करून आडवा. उठायला अर्धा स्पीड लागतो, स्पीड शून्य, म्हणजे तो उठूच शकत नाही. त्याच्या सगळ्या वारांना डिसॲडव्हान्टेज, जवळून त्याच्यावरच्या सगळ्या वारांना ॲडव्हान्टेज. ‘बस, स्पीड शून्य’ म्हणून हसण्यासारखी ही गोष्ट नाही.

नकाशेवाला

@चौथा_कोपरा, मान्य, आणि तुम्ही माझाच मुद्दा वेगळ्या बाजूने मांडलात. एकटी पकड फार काही देत नाही, पकड आणि पाडणं मिळून कोंडी होते: सुटायला पूर्ण ॲक्शन, नाहीतर आडवं पडून मार खा. फक्त ती जोडी पुस्तकात कुठे एकत्र लिहिलेली नाही, खेळाडूला स्वतः शोधावी लागते. शिवाय पाच फुटांपलीकडून आडव्या शत्रूवर नेम धरायला डिसॲडव्हान्टेज, त्यामुळे आपलाच तिरंदाज नाराज होतो. कधी पाडायचं आणि कधी नुसतं धरून ठेवायचं, हे तिरंदाजाशी बोलून ठरवणारी पार्टी मला बघायला आवडते.

एकट्या शत्रूबद्दल: सोबतीला दोन सटरफटर ठेवा ज्यांचं काम आपल्या म्होरक्याला सोडवणं. पकडणाऱ्याला पाच फूट ढकललं की तो पकडीच्या टप्प्याबाहेर जातो आणि पकड आपोआप सुटते. मग शव्ह हा नियम शत्रूच्या बाजूनेही कामाला येतो.

तीन_कृती

पाथफाइंडरची दुसरी आवृत्ती (२०१९ची, आणि २०२३पासून रीमास्टर) इथे सर्वांत पुढे आहे असं माझं ठाम मत आहे, आणि ते का, ते एका टर्नवरून दाखवते.

पाचव्या लेव्हलची फायटर, ॲथलेटिक्समध्ये एक्सपर्ट, ताकद +४. एकूण +१३. समोर एक धिप्पाड गडी: फोर्टिट्यूड (चिवटपणा) +११, रिफ्लेक्स (चपळाई) +६. ग्रॅपल फोर्टिट्यूडच्या डीसीविरुद्ध, म्हणजे १० अधिक ११, २१. मला ८ हवेत, शक्यता ६५ टक्के. ट्रिप रिफ्लेक्सच्या डीसीविरुद्ध, म्हणजे १६. मला ३ पुरेत, शक्यता ९० टक्के, आणि १३ किंवा वर पडले की क्रिटिकल (मोठं यश): आडवा होतोच, वर एक डी-६ (सहा बाजूंचा फासा) लागतं. म्हणजे समोरच्याकडे बघून डाव निवडायचा. बैलासारखा असेल त्याला पाडा, चपळ असेल त्याला धरा. ‘कोणता हल्ला सर्वांत चांगला’ याचं एकच उत्तर इथे नाही, हे मला सगळ्यात आवडतं.

आता पुढे. तो आडवा आहे. ऑफ-गार्ड, म्हणजे एसी उणे दोन. त्याचे वार उणे दोनने. ट्रिप हाही हल्लाच मोजला जातो, त्यामुळे माझा दुसरा वार उणे पाचने जातो, ही माझी किंमत. त्याचा टर्न आला. तीन कृतींपैकी एक उठण्यात गेली. उठणं ही हालचाल आहे, त्यामुळे माझी फायटर रिॲक्टिव्ह स्ट्राइक (टर्नबाहेरचा वार) मारते, आणि रिॲक्शनला उणे पाच लागत नाही. मी एक कृती खर्चून त्याची एक कृती खाल्ली आणि एक पूर्ण ताकदीचा वार मिळवला. तो न उठता लढला तर उणे दोनने लढतो. नकाशेवाला, तुमची कोंडी हीच ना?

आणि अपयशालाही किंमत आहे. ट्रिपमध्ये क्रिटिकल फेल झाला तर तुम्हीच आडवे. ग्रॅपलमध्ये झाला तर समोरचा तुम्हाला धरतो किंवा पाडतो. त्यामुळे कुणी डोळे मिटून हे करत नाही.

एक डिसआर्म तेवढा फिका आहे. शस्त्र हातातून पडायला क्रिटिकल सक्सेसच लागतो, साध्या यशाला फक्त पकड ढिली होते. का, ते समजतं: शस्त्राशिवाय फायटर म्हणजे काहीच नाही, आणि ते दर टर्नला पाडता आलं तर शत्रूही आपलं पाडतील. तरीही मनाला रुखरुख लागते.

काळी_पट्टी

बरीच वर्षं ज्युडो करतोय, त्यामुळे या धाग्यावर न लिहून चालणार नाही.

पकड म्हणजे बटण नव्हे, चालू किंवा बंद. प्रत्यक्षात आधी मनगट किंवा बाही हातात येते. तेवढ्याने समोरचा थांबत नाही, पण त्याचा तो हात आता तुमच्याशी बांधला गेला. त्या हातातला सुरा त्याला मोकळा फिरवता येत नाही. मग त्याचा तोल जातो. मग जमीन. जमिनीवरही तो असहाय नसतो, तो सतत वळत असतो, गुडघा मध्ये घालत असतो. पूर्ण जखडणं ही शेवटची पायरी आहे, आणि ती आली की खेळ संपला. चिलखतातल्या लढाया तर बऱ्याचदा इथेच संपत. १५व्या शतकातल्या युरोपीय शस्त्रविद्येच्या हस्तलिखितांत तलवारीच्या जोडीला कुस्ती आणि कट्यार यांची चित्रं पानोपानी आहेत, कारण पोलादी पत्र्यावर तलवारीची धार चालत नाही. आधी माणूस खाली घ्यायचा, मग फटीत कट्यार.

त्यामुळे मला असे नियम पटतात ज्यांत दोन-तीन पायऱ्या आहेत. पाथफाइंडरच्या पहिल्या आवृत्तीत ग्रॅपल्ड (धरलेला), मग पिन्ड (जखडलेला), मग दोरीने बांधणं. दुसऱ्या आवृत्तीत ग्रॅब्ड आणि क्रिटिकलला रेस्ट्रेन्ड. गर्प्स या खेळात तर ग्रॅपलिंगसाठी २०१३ साली वेगळी पुरवणीच निघाली, त्यात पकडीची घट्टी पॉइंटांत मोजतात. ती मला फार जवळची वाटते, पण ज्या टेबलावर सगळ्यांना त्यात रस आहे तिथेच ती चालते.

पाचव्या आवृत्तीसाठी माझी एकच दुरुस्ती: पकडताना खेळाडूने काय धरलं ते बोलायचं. शस्त्राचा हात धरला तर त्या शस्त्राने पकडणाऱ्यावर वार करताना डिसॲडव्हान्टेज. पाय धरले तर पुढच्या शव्हला ॲडव्हान्टेज (सेव्ह असेल तर समोरच्याला डिसॲडव्हान्टेज). गळा धरला तर शब्दांच्या स्पेलला चेटकीण यांचा दहाचा सेव्ह. तीन पर्याय, एका कार्डावर मावतात.

चेटकीण

गळ्याचं वाचून पोटात गोळा आला, पण बरोबर आहे. फक्त हात आणि गळा दोन्ही एकाच वेळी धरायचे तर दोन माणसं लागतील, एवढं लिहून ठेवा. नाहीतर माझी मिस्टी स्टेपही गेली.

काळी_पट्टी

@चेटकीण, एका हाताने एकच जागा. दोन्ही हात मोकळे असतील तर दोन जागा, पण दुसरीसाठी पुन्हा वेगळा प्रयत्न. तेवढ्यात तुम्ही निसटलेल्या असाल.

रिकामी_म्यान

पाथफाइंडरच्या पहिल्या आवृत्तीचा (२००९) उल्लेख झाला म्हणून भर घालतो. त्यांनी साडेतीनचा सगळा पसारा दोन आकड्यांत आणला: हल्ला करणाऱ्याचा सीएमबी, बचाव करणाऱ्याचा सीएमडी. ग्रॅपल, ट्रिप, डिसआर्म, बुल रश (मागे रेटणं), संडर (शस्त्र मोडणं), सगळ्याला एकच चेक. साइजचा फरकही आवरला: लार्जला चारऐवजी एक, ह्यूजला दोन. ही मोठी सुधारणा होती. पण सीएमडीत ताकद आणि डेक्स दोन्ही धरतात, त्यामुळे वरच्या लेव्हलला मॉन्स्टरचे सीएमडी आभाळाला भिडतात आणि फीट (निवडून घ्यायचं खास कसब) घेतल्याशिवाय कुणी प्रयत्नच करत नाही. फीट नसेल तर वर ऑपॉर्चुनिटी अटॅकही खावा लागतो. खास हल्ला करायचा परवाना आधी विकत घ्यायचा, असा तो प्रकार झाला. नकाशेवाल्यांचे नवे खेळाडू तिथे टिकणार नाहीत.

याच्या दुसऱ्या टोकाला डंजन क्रॉल क्लासिक्स (२०१२). योद्धा दर वाराबरोबर एक डीड डाय टाकतो, पहिल्या लेव्हलला तीन बाजूंचा. काय करायचं ते आधी बोलायचं: डोळ्यात माती टाकतो, ढालीने ढकलतो, पाय ओढतो. वार लागला आणि डीड डायवर तीन किंवा जास्त पडले तर तेही होतं. शिवाय नुकसान नेहमीसारखं. खास हल्ल्यासाठी वार सोडावा लागत नाही, ही त्यातली कळ आहे. दर टर्नला कुणीतरी काहीतरी वेगळं करतं.

जुनी_ढाल

+१. आणि तिथे पुस्तक उघडावं लागत नाही.

नकाशेवाला

@रिकामी_म्यान, परवान्याची गोष्ट अगदी नेमकी. २०१४मध्ये ग्रॅपल करायला कुठलीच फीट लागत नाही, ते मी चांगलंच मानतो. ‘ग्रॅपलर’ फीट मात्र फसवी होती: जखडायला गेलात की दोघंही रेस्ट्रेन्ड. २०२४मधली जास्त कामाची आहे, टर्नमध्ये एकदा एकाच ठोशात नुकसान आणि पकड दोन्ही. डीड डायचीच ती धाकटी बहीण म्हणायची.

आमच्या टेबलापुरतं ठरवलं आहे: नियम २०२४चे, काळी_पट्टी यांचं तीन जागांचं कार्ड, चेटकीण यांचा स्लॉट वाचवणारा सेव्ह. डिसआर्मचं अजून ठरत नाही. तीन_कृती म्हणतात तसं ते दुधारी आहे.

पहिलीच_मोहीम

नमस्कार, नुकतीच मंक (रिकाम्या हातांनी लढणारी) खेळायला लागले आहे, पाचव्या आवृत्तीचे २०२४चे नियम. धागा दोनदा वाचला. दोन शंका आहेत. एक, माझी ताकद ८ आहे, मी कुणाला धरू शकेन का? दुसरी, पुढच्या सत्रात आमची गाठ हार्पीशी (पंख असलेल्या, गाऊन भुलवणाऱ्या राक्षसिणीशी) पडणार असं दिसतंय. ती उडत असताना तिला धरलं तर काय होईल?

आकडेमोड

पहिलीचं उत्तर: हो, आणि उत्तम धराल. २०२४मध्ये मंकला ग्रॅपल आणि शव्हच्या डीसीसाठी ताकदीऐवजी डेक्स्टेरिटी वापरता येते. बोनस ॲक्शनचा अनआर्म्ड स्ट्राइकही त्यासाठी चालतो. म्हणजे ॲक्शनमध्ये नेहमीसारखे वार करा, बोनसमध्ये धरा.

तीन_कृती

दुसरीचं मी सांगते, कारण हे दोन्ही खेळांत जमतं. तुमच्याकडे: पकड बसली की तिचा स्पीड शून्य, आणि उडणाऱ्याचा स्पीड शून्य झाला की ती पडते. तरंगण्याची क्षमता असेल तर नाही, पण हार्पीला ती नसते. आमच्याकडे, पाथफाइंडरमध्ये, पकडलेलीला उडण्याची कृतीच करता येत नाही, त्यामुळे तिच्या टर्नच्या शेवटी ती खाली येते. मात्र तुम्ही तिला हवेत धरलं असेल, उदाहरणार्थ कड्यावरून झेप घेऊन, तर तुम्हीही तिच्याबरोबर येणार. तुमच्या नियमांत दर दहा फुटांना एक डी-६, दोघींनाही.

काळी_पट्टी

मंक आहात ना? चौथ्या लेव्हलला ‘स्लो फॉल’ मिळतं, पडण्याच्या नुकसानीतून लेव्हलच्या पाचपट वजा. तुमची चौथी लेव्हल झाली असेल तर वीस वजा, म्हणजे तीस फुटांवरून तुम्हाला खरचटणारही नाही. हार्पीला मात्र तीनही फासे पूर्ण लागतील, आणि पडल्यावर ती आडवी असेल. पकड सोडू नका, सोडली की ती उठून उडेल. तिचं गाणं ऐकू येत असेल तर आधी कानात मेण घाला, सेव्ह चुकला तर धरायला हातच उचलणार नाहीत.

पहिलीच_मोहीम

चौथीच आहे! डीएमला न सांगता कड्याची उंची विचारून घेते.